शेवटच्या पाच डावांवर टीम निवडता? मग हा हिशेब एकदा बघाच

रणजीचा मोसम सुरू झाला की आमच्या पंढरपूरच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी निवड समितीची बैठक भरते. हा नको, तो हवा. याचा फॉर्म गेला, त्याचा आला. पुरावा म्हणून कुणीतरी ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो : खेळाडूचं नाव आणि खाली पाच आकडे, शेवटचे पाच डाव. सगळे गप्प. आकड्यांपुढे कोण बोलणार?

मी पण असाच होतो. उलट जरा जास्तच, कारण ग्रुपमध्ये शीट बनवता येणारा मी एकटा. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत आमच्या टीमने आठ-आठ ओव्हरच्या टेनिस बॉल स्पर्धेत नाव दिलं होतं. प्रत्येक मॅचचे आकडे मी मोबाईलवरच्या शीटमध्ये भरायचो. सेमीफायनलच्या आदल्या रात्री एका जागेसाठी दोन नावं उरली. मी शीट उघडली आणि सगळ्यांना दाखवली.

पहिला, आमचा ओपनर : ३८, ५, ४१, २२, ३०. सरासरी २७.२.

दुसरा, सहाव्या नंबरला येणारा एक डावखुरा : ४, ११, ०, ९ नाबाद, ६. सरासरी ७.५.

यात विचार काय करायचा? डावखुऱ्याला बसवलं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या आठ बॉलमध्ये १९ रन हवे होते आणि मोठा फटका मारणारं कुणी उरलं नव्हतं. पाच रनने हरलो. डावखुरा बाउंड्रीबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता.

चूक कुठे झाली हे मला पुढे नोकरीला लागल्यावर, रोज डेटाशी मारामारी करायला लागल्यावर कळलं. तेच आज सोपं करून सांगतो. उदाहरणं आपल्याच मातीतली घेऊ. तुम्ही गावची टीम निवडत असाल किंवा नुसतं सोफ्यावर बसून अजित आगरकरला सल्ले देत असाल, दोन्हीकडे कामाला येईल.

१. सरासरी म्हणजे नक्की काय भागिले काय?

बहुतेकांना वाटतं, एकूण रन भागिले एकूण डाव. तसं नाहीये. क्रिकेटमध्ये एकूण रनला तुम्ही किती वेळा *आउट* झालात त्या आकड्याने भागतात. नाबाद राहिलात तर रन वरती मिळतात, पण खालचा आकडा वाढत नाही.

याचा सगळ्यात भन्नाट नमुना विदर्भाने दाखवला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत करुण नायरचे फायनलआधीचे सात डाव असे होते : ११२ नाबाद, ४४ नाबाद, १६३ नाबाद, १११ नाबाद, ११२, १२२ नाबाद, ८८ नाबाद. एकूण ७५२ रन, आउट एकदाच. सरासरी किती? ७५२! (शेवटचे ८८ सेमीफायनलमध्ये आपल्या महाराष्ट्राविरुद्ध होते, ते दुःख वेगळं.) फायनलमध्ये तो २७ वर आउट झाला आणि सरासरी एका झटक्यात ३८९.५ वर आली. रन वाढले, सरासरी जवळपास निम्मी!

आता ऋतुराज गायकवाड. २०२२-२३ च्या विजय हजारेत महाराष्ट्राकडून पाच डावांत ६६० रन, दोनदा नाबाद. म्हणजे ६६० भागिले ३, सरासरी २२०. उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच ओव्हरमध्ये सात सिक्स मारून केलेले नाबाद २२० यातलेच.

सरासरी बघितली तर ७५२ विरुद्ध २२०, म्हणजे करुण तिपटीहून पुढे. पण दर डावाला किती रन, असं काढा : करुणचे १०७.४, ऋतुराजचे १३२. क्रम उलटला. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. सरासरी विचारते, "एक विकेट घ्यायला समोरच्याला किती रन मोजावे लागतात?" दुसरा आकडा विचारतो, "हा बॅटिंगला आला की टीमला किती रन मिळतात?" स्क्रीनशॉट टाकण्याआधी आपल्याला यातलं काय हवंय ते ठरवा.

२. एक मोठा डाव सगळं झाकून टाकतो

पृथ्वी शॉला ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळलं. २०२५-२६ ला तो महाराष्ट्राकडून खेळायला आला. त्याचे पहिले चार रणजी डाव बघा. केरळविरुद्ध ० आणि ७५, चंडीगडविरुद्ध ८ आणि २२२.

सरासरी ७६.२५. ऐकायला जबरदस्त. पण चारपैकी तीन डाव त्या सरासरीच्या खाली आहेत.

इथे दहावीच्या गणितातला मध्यक आठवा. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. ०, ८, ७५, २२२ मध्ये मधले दोन ८ आणि ७५, त्यांच्या मधोमध ४१.५. सरासरी ७६, मध्यक ४१. या दोघांत असं मोठं अंतर दिसलं की समजायचं, एखाद-दुसरा डाव बाकीच्यांना खांद्यावर घेऊन चाललाय. मोबाईलवरच्या कुठल्याही शीट ॲपमध्ये 'मीडियन' नावाचं फंक्शन असतं. सरासरीच्या शेजारच्या रकान्यात तेही लावून टाका.

याचा अर्थ २२२ ला किंमत नाही असा घेऊ नका. १५६ बॉलमध्ये २२२ केले की चार दिवसांची मॅच फिरते, आणि रणजीत असा एक डाव पन्नाशीच्या चार डावांपेक्षा जास्त उपयोगाचा ठरू शकतो. पण आठ ओव्हरच्या मॅचमध्ये मला दर वेळी २० करणारा जास्त आवडेल.

३. पाच डाव म्हणजे किती कमी?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, जरा शांतपणे वाचा.

एक काल्पनिक फलंदाज घेऊ. त्याच्यासाठी एका डब्यात ४१ चिठ्ठ्या आहेत. ४० चिठ्ठ्यांवर 'रन' आणि एकीवर 'आउट' लिहिलंय. चिठ्ठी काढायची. 'रन' आलं तर एक रन वाढवायचा, चिठ्ठी परत टाकायची आणि पुन्हा काढायची. 'आउट' आलं की डाव संपला. या फलंदाजाची दीर्घकाळाची सरासरी बरोबर ४० येते. त्याला फॉर्म नाही, मूड नाही, घरचं टेन्शन नाही. डबा तोच, चिठ्ठ्या त्याच.

आता त्याचे 'शेवटचे पाच डाव' कसे दिसतील? हिशेब असा निघतो :

– दहाच्या आत आउट : साधारण १०० पैकी २२ डावांत.
– पाच डावांची सरासरी २५ च्या खाली : साधारण पाचात एकदा.
– पाच डावांची सरासरी ५५ च्या वर : साधारण साडेपाचात एकदा.

परत वाचा. माणूस अजिबात बदललेला नाही, तरी पाचात एकदा ॲप म्हणणार "फॉर्म गेला" आणि जवळपास तितक्याच वेळा म्हणणार "काय फॉर्ममध्ये आहे राव!" आणि आपण त्यावर मागे गोष्ट रचणार. लग्न झालं, आयपीएलचे पैसे आले, कॅप्टन्सीचं ओझं झालं. प्रत्यक्षात डब्यातून चिठ्ठी निघाली होती.

खऱ्या फलंदाजाचं तर याहून अवघड असतं. क्रीजवर नवा असताना तो लवकर आउट होतो आणि जम बसला की लांब खेळतो. त्यामुळे खरे आकडे चिठ्ठ्यांपेक्षाही जास्त वर-खाली उड्या मारतात.

मग फॉर्म नावाची गोष्ट नसतेच का? असते. बॅट उशिरा येते, पाय हलत नाही, ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडताना गोंधळ होतो. हे कोचला नेटमध्ये दिसतं. पण पाच आकड्यांमधून ते वेगळं काढणं जवळपास अशक्य आहे. पाच आकड्यांत नशीबच जास्त बोलतं.

४. तुमचा फोन हा प्रश्न कसा सोडवतो?

गंमत म्हणजे 'ताजी माहिती किती मनावर घ्यायची' हा प्रश्न तुमच्या खिशातला फोन दिवसभर सोडवत असतो.

फोन सर्व्हरला डेटाचं पाकीट पाठवतो आणि पोच येण्याची वाट बघतो. पोच नाही आली तर परत पाठवायचं. पण वाट किती वेळ बघायची? नेटवर्क कधी फास्ट, कधी स्लो. एका पाकिटाला उशीर झाला म्हणून लगेच सगळा हिशेब बदलला तर गोंधळ, आणि कधीच बदलला नाही तरी गोंधळ. म्हणून इंटरनेटच्या नियमात एक छान तोडगा ठरवलेला आहे : जुन्या अंदाजाला आठपैकी सात भाग वजन, नव्या अनुभवाला एक भाग.

हेच पृथ्वीच्या त्या चार डावांना लावून बघू. हिशेबाच्या सोयीसाठी सुरुवातीचा अंदाज ४० धरू. साधी सरासरी फक्त या चार डावांची धरलीय.

– ० नंतर : साधी सरासरी ०, आपला अंदाज ३५.
– ७५ नंतर : साधी सरासरी ३७.५, अंदाज ४०.
– ८ नंतर : साधी सरासरी २७.७, अंदाज ३६.
– २२२ नंतर : साधी सरासरी ७६.२५, अंदाज ५९.२५.

सरासरी शून्यापासून शहात्तरपर्यंत नाचली. अंदाज मात्र एका भोपळ्यावर घाबरला नाही, आणि २२२ ची दखल घेऊनही हुरळला नाही. शीटमध्ये हे करायला एकच ओळ लागते : आधीचा अंदाज गुणिले ७ भागिले ८, अधिक नवे रन भागिले ८. नाबाद डावांचा प्रश्न यात सुटत नाही, ते डाव वेगळ्या रंगात ठेवा आणि नजरेनं बघा. तरी 'शेवटचे पाच' पेक्षा हे कितीतरी बरं.

चांगले निवडकर्ते मनातल्या मनात असंच काहीतरी करत असतात. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध करुण नायरने नाबाद ३०३ केले. अजिंक्य रहाणे जखमी होता म्हणून ती जागा मोकळी होती. पुढची टेस्ट फेब्रुवारी २०१७ ची, हैदराबादला, बांगलादेशविरुद्ध. रहाणे फिट झाला, आणि त्रिशतकवाला बाहेर बसला! तेव्हा मला राग आला होता. कॅप्टन कोहलीचं म्हणणं असं होतं की रहाणेने दोन वर्षं केलेलं काम एका मॅचने पुसलं जाऊ नये. म्हणजे सात भाग जुनं, एक भाग नवं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वीच्या या पठ्ठ्याने त्या टेस्टमध्ये ८२ केले.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. सात भाग जुन्याला दिले की नव्या माणसाला वर यायला फार वेळ लागतो. करुणला मार्च २०१७ नंतर भारताकडून परत टेस्ट खेळायला २०२५ उजाडलं. ७५२ सरासरीच्या त्या मोसमाने आणि विदर्भाकडूनच्या रणजी रनांनी त्याला इंग्लंडला नेलं. तिथे आठ डावांत २०५ रन, सरासरी २५.६, आणि पुढच्या मालिकेत तो पुन्हा बाहेर. आपल्या चिठ्ठीवाल्या, ४० सरासरीच्या फलंदाजालाही असे आठ डाव साधारण सातात एकदा येतात. निवड समिती चुकली असं मी म्हणणार नाही, त्यांनी नेटमध्ये आणि मैदानात जे बघितलं ते मला दिसलं नाही. पण त्या आठ आकड्यांवरून "संपला हा" म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाहीये, तुमच्याकडेही नाहीये.

५. आकडा कुठून आला ते विचारा

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर रणजी सामना होता. आपल्या जिल्ह्यात रणजी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पहिली एसटी पकडणं आलंच. मणिपूरचा संघ रणजीत २०१८-१९ पासूनच खेळतोय. स्कोअरकार्डवर मणिपूरविरुद्धचे ८० आणि मुंबईविरुद्धचे ८० सारखेच दिसतात. बॉलिंग, पीच, कितव्या नंबरला आला, टीम ३० ला ४ होती की ३०० ला २, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

आणि काही मुलांचा तर आकडाच नसतो. पंढरपूर महाराष्ट्र संघाच्या हद्दीत येतं. राज्यात रणजीचे संघ तीन : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. इतक्या मोठ्या पट्ट्यातल्या पोरांमधून निवडायचे अकरा. जो दिसत नाही तो निवडला जात नाही, इतकं साधं आहे.

सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीचं बघा. जून २०२३ मध्ये पहिली महाराष्ट्र प्रीमियर लीग झाली. त्यात ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध त्याने ५४ बॉलमध्ये ११७ मारले, १३ सिक्स. ती मॅच लोकांनी फोनवर बघितली. डिसेंबरच्या आयपीएल लिलावात लखनौने त्याला २० लाखांना घेतलं आणि २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपमध्ये त्याने अमेरिकेविरुद्ध शतक केलं. आत्ताच मी म्हणालो की एक डाव म्हणजे फॉर्म नव्हे. ते खरंच आहे. पण एका डावामुळे लोक तुमचे पुढचे पन्नास डाव बघायला लागतात, तोच त्याचा मोठा फायदा. म्हणून गावातल्या मॅचसुद्धा क्रिकहिरोजसारख्या ॲपवर नीट, बॉल-टू-बॉल भरा. तुम्ही नोंदलेला डाव कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतो.

६. टीम निवडण्याआधी पाच प्रश्न

१. किती डावांचा आकडा आहे? पाचाचा असेल तर वीसाचा शोधा.
२. सरासरी आणि मध्यक यांत किती अंतर आहे?
३. नाबाद किती वेळा? दर डावाला रन किती?
४. कितव्या नंबरला आला, किती बॉल मिळाले, समोर कोण होतं?
५. या जागेवर आपल्याला *काम* काय हवंय?

पाचवा प्रश्न मी त्या रात्री विचारला असता तर? आमचे ते दोघे पुन्हा बघू, या वेळी बॉलसकट.

ओपनर : १३६ रन, १३६ बॉल. स्ट्राईक रेट १००.

डावखुरा : ३० रन, १६ बॉल. स्ट्राईक रेट १८७.५.

त्याला पाच डावांत मिळून १६ बॉल मिळाले होते. दर वेळी शेवटच्या ओव्हरमध्ये जायचं आणि पहिल्या बॉलपासून बॅट फिरवायची, विकेट गेली तरी चालेल, हे त्याला आम्हीच सांगितलं होतं. त्याने सांगितलं तेच केलं आणि मी त्याची सरासरी काढून त्याला बसवलं. ४८ बॉलच्या मॅचमध्ये ओपनरचे ४० बॉलमध्ये ४१ हा खरा प्रश्न होता. पण माझ्या शीटमध्ये बॉलचा रकानाच नव्हता.

१६ बॉल हा डेटा पाच डावांपेक्षाही तोकडा, हे मान्य. मी आकड्यावरून त्याला घेतलंच पाहिजे होतं असं नाही. पण माझ्याकडे त्याला बसवण्याइतकाही पुरावा नव्हता, आणि मी मात्र शीट दाखवून सगळ्यांची तोंडं बंद केली. कुणी म्हणालं असतं, "अरे, शेवटच्या ओव्हरला कोण मारणार?" तर बरं झालं असतं. ते विचारायला शीट लागत नाही.

त्यानंतर तो मैदानावर यायचा बंद झाला. वडिलांचं मंदिराजवळ प्रासादिक वस्तूंचं दुकान आहे, आता तोच बघतो. गेल्या कार्तिकीला गर्दी ओसरल्यावर मी दुकानात गेलो आणि हा सगळा हिशेब फोनवर दाखवला. त्याने चुरमुऱ्याची पुडी बांधता बांधता वाचला. म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं की. तू विचारलं कुठे?"

मग म्हणाला, यंदाच्या दिवाळीला टीम उतरवणार असाल तर सांग.

शीटमध्ये मी बॉलचा रकाना वाढवलाय. आणि निवड करण्याआधी सगळ्यांना फोन करायचं ठरवलंय.